गित्तेबुवांचा ऑटोमॅटिक बॉयलर

गित्तेबुवांनी माझ्याशी उच्चारलेला पहिला शब्द 'बासष्ट' हा होता.

कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या जुन्या अरबी घरात आम्ही राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. मी अंगणात चहाचा कप घेऊन उभा होतो. समोरच्या खोलीतून पन्नाशीचे एक हडकुळे गृहस्थ बाहेर आले. गळ्यात तुळशीची माळ, अंगात कंपनीची निळी डांगरी. त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू माझ्या कपाला टेकवली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "बासष्ट."

"काय बासष्ट?"

"डिग्री. प्या आता. पंचावनच्या खाली गेला की चहा न्हाई, नुसतं गोड पाणी."

माझी बायको सुनंदा एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. असल्या गोष्टी तिला मोजल्याशिवाय पटत नसत. दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमधला थर्मामीटर आणला आणि बुवांची परीक्षाच घेतली. बुवा म्हणाले, अठ्ठावन्न. थर्मामीटर म्हणाला, सत्तावन्न. सुनंदा विजयानं हसली.

"थर्मामीटर एकनं मागं हाय," बुवा शांतपणे म्हणाले आणि आत गेले.

पंधरा दिवसांनी लॅबमधल्या उपकरणांची तपासणी झाली. थर्मामीटर खरंच एका डिग्रीनं मागं होता. त्या दिवसापासून सुनंदानं बुवांशी वाद घालणं सोडलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, हा मान तिनं मलाही अजून दिला नव्हता.

विश्वंभर गित्ते मूळचे परळीकडचे. वीस वर्षं तिकडे विजेच्या कारखान्यात कोळशाच्या बॉयलरवर काढली. आखाती लढाई संपल्यावर कुवेतमध्ये सगळंच नव्यानं उभं राहत होतं, तेव्हा एका ठेकेदारानं त्यांना शुऐब्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर आणलं. पगार तिप्पट. पण बॉयलर गॅसवरचा. बटण दाबलं की पेटला, बटण दाबलं की विझला. बुवांना तो अपमान वाटे.

"त्याला बॉयलर म्हणायलेत लोक! मोठी शेगडी हाय ती. गॅस दिसत न्हाई, आवाज करीत न्हाई, पाइपातून येतो अन् पाइपातून जातो. कोळसा कसा, बोलतो. ओला असला तर चुरचुरतो, हवा कमी पडली तर काळं तोंड करतो."

आणि तरीही बुवांचं खरं प्रेम होतं ते आपोआप चालणाऱ्या गोष्टींवर. 'ह्याला माणूस लागत न्हाई' ही त्यांची सर्वोच्च शाबासकी. रस्त्यावरचा सिग्नल, सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार, आमचा इलेक्ट्रिक कुकर, सगळ्यांकडे ते लेकरू पहिल्यांदा चाललं म्हणून बाप बघतो तसे बघत. सुनंदानं एकदा घरी दही लावलं होतं. ते चाखून म्हणाले, "बगा वहिनी, विरजण लावलं, झाकून ठेवलं, आपण झोपलो. दही झालं. माणूस लागला न्हाई!"

त्या घरात आम्ही तिघे भाडेकरू. मधे अंगण, तीन बाजूंना खोल्या. एका बाजूला मी आणि सुनंदा, समोर बुवा, आणि तिसऱ्या बाजूला दापोलीकडचे रफीकभाई. रफीकभाई शर्कच्या मासळी बाजारात मासे कापून साफ करून देत. माझं ड्राफ्ट्समनचं ऑफिसही शर्कलाच, त्यामुळे येता-जाता ते माझ्या गाडीत असत आणि ते नसताना त्यांचा वास असे. माळकरी बुवा आणि मासेवाले रफीकभाई यांचं रोज एकदा तरी वाजायचंच. बुवा म्हणत, "रफीक, तुझ्या खोलीवरून वारं आलं की माझा उपास मोडतो." रफीकभाई म्हणत, "मोडला तर भरपाई म्हणून पापलेट पाठवतो, बुवा."

वाळवंटातली थंडी ज्यांनी सोसलेली नाही त्यांना कुवेत म्हटलं की फक्त भट्टी आठवते. पण जानेवारीत संध्याकाळी वाळवंटाकडून वारं सुटलं की सिमेंटच्या भिंती बर्फाच्या लाद्या होतात. आमच्या त्या घराचं वायरिंग म्हातारं. दोन हीटर आणि एक गीझर एकदम लागला की फ्यूज उडायचा. मशिदीतली मगरिबची, म्हणजे दिवेलागणीची, बांग आणि आमचा अंधार, दोन्ही अगदी वेळेवर. मग तिघेही अंगणात जमायचो, फ्यूज बसवायचो आणि कुणाच्या हीटरनं घात केला यावर भांडायचो. एकदा सुनंदा रफीकभाईंना म्हणाली, "तुम्ही हीटर लावता की मासे भाजता?" त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साफ केलेली सुरमई देऊन गेले.

त्याच आठवड्यात रफीकभाईंनी बाजारातून कोळशाची एक शेगडी आणली आणि निखारे फुलवून खोलीत नेऊ लागले. बुवांनी ती दारातच अडवली. एवढं संतापलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"बंद खोलीत कोळसा? मरायचंय का? दर थंडीला पेपरात येतंय, वाचीत न्हाईस? वास न्हाई, धूर न्हाई, माणूस झोपतो ते झोपतोच. कोळसा बाहेर अन् ऊब आत. असं पाहिजे."

"असं कसं होईल?" मी विचारलं.

बुवांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. खिडक्यांपासून लांबचा कोपरा. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "होतंय. ऑटोमॅटिक."

"बुवा," रफीकभाई म्हणाले, "खाली खणलं तर तेल लागेल अशा देशात तुम्ही कोळसा जाळणार? अरब हसून हसून मरतील."

"थंडीनं मरण्यापेक्षा बरं."

पुढचे तीन शुक्रवार बुवा भंगारबाजारात होते. एका जुन्या गीझरची टाकी आली. खाटकाच्या दुकानातलं मोडकं खिम्याचं मशीन आलं, त्यातला स्क्रू बुवांना हवा होता. त्याला फिरवायला मोटारीच्या वायपरची मोटर. हवा द्यायला कुठल्याशा एसीचा छोटा पंखा. वर पत्र्याचं एक नरसाळं. त्याला ते 'चाडं' म्हणत. "तिफणीच्या चाड्यातून बी कसं पडतं बगा, तसा कोळसा पडणार. पाणी पासष्टला गेलं की पंखा बंद, मोटर बंद. पंचावनला आलं की चालू. आपण झोपायचं."

पाणी गरम होऊन पाइपांनी आमच्या खोल्यांत फिरणार आणि भिंतीशी लावलेल्या रेडिएटरमधून ऊब देणार, अशी योजना. रेडिएटर अर्थातच मोटारींचे. भंगारात तीन चांगले मिळाले. आमच्या खोलीत एका लांबलचक अमेरिकन गाडीचा आला, रफीकभाईंच्या वाट्याला पिकअपचा. तिसरा बुवांच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

कोळसा मात्र बुवांना हवा तो, खाणीतला दगडी कोळसा, कुठे मिळेना. इथे मिळतो तो फहम, म्हणजे आपला लाकडाचा लोणारी कोळसा, मांस भाजण्यासाठी आणि हुक्क्यासाठी. दुकानदार पोत्याच्या तळाचा चुरा फेकून देत, तो बुवांनी आणला. मुठीत घेऊन नाक मुरडलं. "हा काय कोळसा हाय? जळालेलं लाकूड. आपल्या कोळशाचा चुलतभाऊ. घ्या चालवून."

आणि बॉयलर चालला! पहिल्या संध्याकाळी मोटर 'घुर्रर्र' करून फिरली, चाड्यातून चुरा सरकला, पंखा लागला, आणि अर्ध्या तासानं आमच्या भिंतीतला अमेरिकन रेडिएटर तापला. सुनंदानं स्वेटर काढून ठेवला.

खरी परीक्षा पुढेच होती. धुरांड्यातून निघालेला धूर शेजारच्या बंगल्यातल्या घरमालकानं पाहिला. अबू सालेम सत्तरीचे, उंच, काठी टेकत आले आणि बॉयलरकडे काठी रोखून गरजले, "शिनु हाजा?" हे काय आहे?

मी आणि रफीकभाई पुतळ्यासारखे उभे. बुवा पुढे झाले. त्यांचं अरबी दहा-बारा शब्दांचं, पण त्यात त्यांचं सगळं तत्त्वज्ञान मावत असे.

"अर्बाब, हाजा ऑटोमॅटिक. नफर माफी!"

अर्बाब म्हणजे मालक. नफर माफी, म्हणजे माणूस लागत नाही. अबू सालेमनी बॉयलरला एक फेरी मारली. मग आमच्या खोलीच्या दारातून आत वाकून रेडिएटरवर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. मोडक्या हिंदीत म्हणाले, लहानपणी थंडीत आई शेगडी पेटवायची, सगळी भावंडं भोवती बसायची. जाताना त्यांनी बुवांना 'मुहंदिस', म्हणजे इंजिनिअर, म्हटलं आणि स्वतःच्या बैठकीत असंच एक यंत्र लावून मागितलं. बुवांच्या भिंतीला टेकलेला तिसरा रेडिएटर दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे गेला.

आठवडाभर सगळं सुरळीत होतं. फ्यूज उडत नव्हता, अंधार होत नव्हता, भांडणं नव्हती. मगरिबनंतर दारं बंद करून आम्ही आपापल्या उबेत बसायचो. अंगणात फक्त बुवा, स्टुलावर, बॉयलरशेजारी. मला वाटायचं, कारागीर आपली कारागिरी बघत बसलाय.

दुसऱ्या गुरुवारी बॉयलर बंद पडला.

"सर, टॉर्च घेऊन या जरा! रफीक, पाना आण!" बुवांची हाक आली. आम्ही धावलो. दोन तास दुरुस्ती चालली. सुनंदानं चहा आणला, मग थालीपीठं आणली. रफीकभाईंनी बाजारातले किस्से सांगितले, बुवांनी परळीतल्या राखेच्या डोंगराचे. नऊच्या सुमाराला मोटर पुन्हा फिरली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा तेच. चौथ्या गुरुवारीही.

"गुरुवारीच कसा बिघडतो हो?" मी विचारलं.

"लोड येतो सुट्टीचा," बुवा म्हणाले. कोळशाला सुट्टीचा लोड कसा येतो हे मी विचारलं नाही.

पाचव्या गुरुवारी सुनंदा दुपारीच घरी आली होती. मी ऑफिसातून आल्यावर तिनं दार लावून घेतलं. "मी दोरीवरचे कपडे काढत होते. बुवांचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून खजुराची बी काढली आणि चाड्यात टाकली. एक नाही, चार."

"म्हणजे मुद्दाम?"

"मोटर अडकली तशी ऐटीत हात पुसले आणि खोलीत जाऊन बसले. आता अंधार पडला की हाक मारतील." तिनं परातीत पीठ काढलं. "तुम्ही बोलू नका हं काही. रफीकभाईंनाही नको. मी आज धपाटी करते. बुवांना आवडतात."

सातच्या ठोक्याला हाक आली. "सर, टॉर्च!" मी इतक्या तत्परतेनं गेलो की बुवांनाच थोडा संशय आला असावा.

असे बरेच गुरुवार गेले. पुढच्या हिवाळ्यात बॉयलर पुन्हा पेटला, खजुराच्या बियाही पुन्हा सुरू झाल्या. मग जानेवारीत एकदा संध्याकाळी रेडिएटर गार पडत चालला. मी मजेत उठलो, टॉर्च घेतला, हाकेची वाट बघत बसलो. हाक येईना.

सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा चेहरा वेगळाच होता. "अहो, आज सोमवार आहे."

आम्ही अंगणात गेलो. बॉयलर थंड. चाडं रिकामं. स्टूल रिकामं. रफीकभाईही बाहेर आले होते. बुवांचं दार ढकललं तर आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार. खाटेवर दोन ब्लँकेटांखाली बुवा कुडकुडत होते. सुनंदा थर्मामीटर शोधायला वळली, तसा त्यांनी हात बाहेर काढून स्वतःच्या कपाळाला लावला. "एकशेतीन," क्षीण आवाजात म्हणाले. "वहिनी, बॉयलर सकाळी भरला न्हाई हो मी. सगळे गारठले असाल."

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर रफीकभाईंनी त्यांना छातीशी धरून नेलं. तुळशीची माळ मासळीच्या जाकिटाला घासत होती, पण बुवा तक्रार करण्याच्या स्थितीत नव्हते. न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. दोन दिवस तर सुनंदानं मला काही सांगितलं नाही, पण बुवांचं काही खरं नाही हे तिच्या तोंडावरून मला समजत होतं.

इकडे बॉयलर आमच्या गळ्यात पडला. तेव्हा कळलं, या ऑटोमॅटिक यंत्राला माणूस किती लागतो. बुवा रोज पहाटे चारला उठत. चुरा चाळणीनं चाळत, ओलसर असेल तर पत्र्यावर पसरत. राख काढत, धुरांडं झाडत, स्क्रूला तेल देत, टाकीत पाणी घालत, चाडं काठोकाठ भरत. आम्ही उठेपर्यंत अंगण झाडून स्वच्छ. आम्हाला वाटायचं, आपोआप चाललंय. आता रफीकभाई आणि मी आळीपाळीनं उठू लागलो आणि तिसऱ्या दिवशी दोघांचे चेहरे कोळसेवाल्यासारखे झाले.

"हा ऑटोमॅटिक?" रफीकभाई खोकत म्हणाले. "ह्याच्यापेक्षा घरात हत्ती पाळलेला बरा."

अबू सालेमनाही खबर लागली. ते काठी टेकत आले, बुवांच्या खोलीत डोकावले आणि रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून मला विचारलं, इथलं यंत्र कुठे आहे? मी सांगितलं, तुमच्या बैठकीत. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. आम्हालाही लाज वाटली. स्वतःचा रेडिएटर देऊन हा माणूस दोन हिवाळे गारठला आणि आम्ही कधी त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. शुक्रवारी मी आणि रफीकभाईंनी भंगारबाजारातून एक रेडिएटर आणला आणि संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन मोठ्या उत्साहानं बुवांना सांगितलं. ताप उतरला होता. उशीला टेकून बसले होते.

"बसवू नका," बुवा म्हणाले.

"म्हणजे?"

"भंगारात रेडिएटरची कमी हाय का सर? मला पाहिजे असता तर मी कवाच आणला असता. मला नको."

आता मात्र सुनंदा भडकली. "नको म्हणजे काय? फुफ्फुसात पाणी झालं होतं तुमच्या! सगळ्यांना ऊब वाटायची आणि स्वतः थंडीत मरायचं, ह्याला मोठेपणा म्हणत नाहीत बुवा!"

बुवा कसनुसे हसले. "मोठेपणा न्हाई वो वहिनी." मग बराच वेळ चादरीची घडी नीट करत बसले. "परळीला माझी रातपाळी असायची. थंडीचं पहाटं घरी यायचो. क्वार्टरचं दार ढकललं की आतून उबारा यायचा. चूल पेटलेली असायची. तेवढ्यावर कळायचं, कौसल्या उठलेली हाय. हाक मारायची गरज न्हाई. इकडं आलो, दुसऱ्या वर्षी ती गेली. कागदं होऊन विमान मिळेपर्यंत तेरावं उरकलं होतं."

बुवांना बायको होती, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

"बॉयलर चालू झाला तवा एक दिवस लावून बघितला होता की मी. कामावरून आलो, दार ढकललं, तसाच उबारा आला. एक क्षण मन फसलं. मग आत बघितलं तर खाट अन् बादली. लई जड गेलं. त्यापेक्षा थंड खोली बरी. दार ढकललं की कळतंय, कुणी न्हाई. फसवणूक न्हाई."

सुनंदानं खिडकीकडे तोंड फिरवलं. मी घड्याळात बघितलं, खरं तर वेळ काय झाली ते मला अजून आठवत नाही.

रफीकभाई स्टुलावर बसून बुवांसाठी संत्रं सोलत होते. त्यांनी एकेक फोड सुटी केली, वरचे धागे काढले, कागदावर नीट मांडली. मग मान वर न करता म्हणाले, "माझ्या खोलीत दुसरी खाट मावते."

"काय?"

"खोली गरम आहे. दार ढकललंत तर मी असेनच आत. नसलो तर माझा वास असेल."

"मी माळकरी माणूस रफीक. तुझ्या खोलीत मासळी शिजते."

"अंगणात शिजवीन."

"तू घोरत असशील."

"घोरतो," रफीकभाई म्हणाले आणि संत्र्याची फोड पुढे केली. बुवांनी ती घेतली.

हॉस्पिटलमधून सुटले त्याच दुपारी आम्ही त्यांची खाट अंगणापलीकडे नेली. आम्ही चालवलेला बॉयलर पाहून बुवांनी कपाळाला हात लावला, राख कशी काढावी यावर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि मग पहाटेच्या कामाची पाळी लावली: एक दिवस बुवा, एक दिवस रफीकभाई, एक दिवस मी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होतो तर बुवा तावातावानं आले. "सर, काय घोरतंय हो हे माणूस! डिझेल इंजिन हाय नुसतं. डोळ्याला डोळा न्हाई. मी आजच माझ्या खोलीत जातो बगा."

ते गेले नाहीत. ही धमकी मी पुढची तीन वर्षं, आठवड्यातून किमान दोनदा ऐकली. बुवांच्या जुन्या खोलीत कोळशाची पोती राहायला गेली.

मग एका डिसेंबरात रफीकभाई दोन महिन्यांच्या रजेवर दापोलीला गेले. मुलीचं लग्न होतं. ते गेल्यावर तिसऱ्या संध्याकाळी बुवा आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. डोळे लाल, तारवटलेले.

"काय झालं बुवा?" सुनंदानं विचारलं. "बॉयलर बिघडला का?"

"न्हाई. बॉयलर चांगला चाललाय." ते चौकटीला बोटांची मागची बाजू लावून उभे होते. "तीन दिस झाले वहिनी, झोप लागंना."

"आता काय झालं? आता तर घोरणारं कुणी नाही खोलीत."

"त्येच तर सांगायलोय," बुवा म्हणाले.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या बाहेरच्या खोलीतलं टेबल तिनं भिंतीकडे सरकवलं, जागा पावलांनी मोजली आणि मला म्हणाली, "बघता काय? जा, खाटेचं दुसरं टोक धरा."